मंडळाची खोली

समोरचा माणूस पासवर्ड टाइप करायला लागला की भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा इसम मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर सेंटरचे सर. तुम्ही कीबोर्डवर बोटं ठेवलीत की हे वळलेच. भिंतीवर एका साडीवाल्याचं कॅलेंडर होतं, तुमचं टाइप होईपर्यंत ते वाचत उभे राहायचे. एटीएमच्या रांगेतही तेच. पुढचा माणूस मशीनशी गेला की सर पाठ फिरवून उभे, आणि मागच्यांना वाटायचं हे गृहस्थ निघाले वाटतं, म्हणून ते बिनधास्त पुढे सरकायचे. पाऊण तास रांगेत उभं राहून, पैसे न काढता, कसलीही तक्रार न करता परत आलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

सर मूळचे अकोल्याकडचे. सुरतेत वीसेक वर्षं काढूनही त्यांची बोली एका अक्षराने हलली नव्हती. ऑफिसातल्या साहेबांशी मोडकं गुजराती, मुलांशी हिंदी, आणि आम्हा मराठी मुलांशी थेट वऱ्हाडी. भाजीत साखर घालतात म्हणून गुजराती जेवणाला रोज नावं ठेवायचे आणि रविवारी सकाळी वाफवलेल्या डाळीच्या लोचोच्या गाडीवर पहिल्या नंबरला उभे असायचे. त्यावर कुणी चिडवलं तर म्हणायचे, लोचो म्हणजे जेवण नाही, तो नाश्ता हाये. स्वतःच्या घरी त्यांनी कॉम्प्युटर ठेवला नव्हता. फोनही बटणांचा. सेंटरच्या दाराशी सगळ्यांनी चपला काढायच्या, आणि सर येता-जाता त्या पायाने सरळ रेषेत लावत राहायचे, अगदी साहेबांचे बूटसुद्धा.

त्यांचा खरा जीव होता विद्यार्थी मंडळांच्या खात्यांत. नाट्यमंडळ, गरब्याचं मंडळ, ट्रेकिंगवाले, आमचं मराठी मंडळ, प्रत्येकाला युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटरवर एक सामाईक खातं मिळायचं. त्यात मंडळाचा मेल, फाइली ठेवायला जागा आणि सगळ्यांना वाचता येईल असं मंडळाचं एक पान. सर त्याला खातं म्हणत नसत. खोली म्हणत. कुठली फाइल काढून टाकायची असली की विचारायचे, खोली झाडली का? महिनाभर कुणी फिरकलं नाही तर निरोप यायचा, तुमच्या खोलीत जाळे झाले. या खोल्यांचे नियम त्यांनी स्वतः लिहिले होते, साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, काळ्या मार्करने, तीन भाषांत. पुठ्ठा सुतळीने खिडकीच्या गजाला टांगलेला असायचा आणि पंखा लागला की हलायचा, त्यामुळे नियम वाचायचे तर एका हाताने धरून वाचावे लागत. मला तर वाटतं त्यांना तेच हवं होतं.

पहिला नियम असा, की खोली मंडळाची, पण तिचा जबाबदार एकच. पासवर्ड त्या एकालाच माहीत. बाकी मंडळाने पान वाचावं, काही घालायचं असलं तर जबाबदाराला सांगावं, तो घालेल. मंडळाचा अध्यक्ष असला तरी त्याला पासवर्ड नाही. नाट्यमंडळाचा अध्यक्ष एका मोठ्या कापड व्यापाऱ्याचा मुलगा होता आणि जबाबदार होता लाइट लावणारा एक किडकिडीत पोरगा. अध्यक्षाला साधा एक मेल पाठवायचा तरी त्या पोराला शोधत कँटीनभर फिरावं लागे. एकदा वैतागून तो सरांकडे आला आणि म्हणाला, मी प्रेसिडेंट आहे. सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, बसा प्रेसिडेंट, तो लाइटवाला येईलच आता.

आणि पासवर्ड कसा नसावा हे त्यांचं आवडतं व्याख्यान. तुम्ही नवा ठेवलात की कॅलेंडरकडे बघत बघतच विचारायचे, मायचं नाव ठेवलं ना? आपण गोरेमोरे. मग म्हणायचे, ‘आवडीचं नाव ठेवू नये बाप्पा. आवडीचं तोंडातून निघते.’ त्यांना ते कळायचं कसं देव जाणे. मी माझ्या मोठ्या भावाचं नाव ठेवलं होतं, तेही ओळखलं, पण मी काही ते बदललं नाही.

आता आमच्या मराठी मंडळाच्या खोलीत काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर मी पुढे जे केलं त्याचं गांभीर्य कळायचं नाही. आम्ही बहुतेक मुलं सुरतेच्या लिंबायत-उधन्याकडची, खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्यांची. घरात अहिराणी, शाळा म्युनिसिपालिटीची मराठी माध्यमाची, गल्लीत हिंदी. अशी मुलं युनिव्हर्सिटीत यायची आणि समोर प्राध्यापक अर्धं गुजराती, अर्धं इंग्रजी बोलत असायचे. पदार्थविज्ञान कळत होतं हो, शब्द कळत नव्हते. गुजरातीत अणु म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला ते परमाणु म्हणतात. पहिल्या सेमिस्टरला मी सगळं उलटंपालटं लिहून आले आणि नापास झाले. घरी बसायचंच ठरलं होतं माझं, एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायचं काम वडिलांनी बघूनही ठेवलं होतं. तेव्हा एका सीनिअर मुलीने मला मंडळाचं पान उघडून दाखवलं.

त्या पानावर शब्दांची यादी होती. एका रांगेत मराठी शब्द, पुढे गुजराती, पुढे इंग्रजी, आणि शेवटी आपल्या घरच्या भाषेत एका ओळीत त्याचा अर्थ. कुणी सुरू केली माहीत नाही, पण दर वर्षी मुलं भर घालत गेली होती. मी त्या यादीवर पास झाले. खोटं सांगत नाही, ती नसती तर आज मी घड्या घालत असते. त्यामुळे तिसऱ्या वर्षी मंडळाने मला जबाबदार केलं तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. सरांनी रजिस्टरमध्ये माझी सही घेतली, पुठ्ठ्यावरचे नियम मला उभं राहून मोठ्याने वाचायला लावले, आणि वाचून झाल्यावर शेंगदाण्याचा एक लाडू दिला. प्रत्येक नव्या जबाबदाराला ते लाडू द्यायचे. त्यांच्या पत्नी डबा भरून पाठवायच्या, जून महिना लागला की.

मी वर्षभर प्रामाणिकपणे शब्द टाइप केले. मुलं चिठ्ठ्या आणून द्यायची, वहीच्या कोपऱ्यावर, बसच्या तिकिटावर, एकाने तर तळहातावर लिहून आणला होता. माझ्याकडे चिठ्ठ्यांचा ढीग साचला. आता आमच्या गल्लीतली रीत अशी, की घराची किल्ली शेजारच्यांच्या खिळ्याला. आई-वडील दोघं पाळीवर गेलेले, ज्याचं पोर आधी येईल त्याने काढून घ्यावी. कुणी कुणाचं घर उघडलं तर त्यात विशेष काही नसायचं. त्याच डोक्याने मी विचार केला, की सगळे आपलेच तर आहेत. आणि एके दुपारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पासवर्ड टाकून मोकळी झाले. वर लिहिलं, आता ज्याने त्याने आपापले शब्द घाला.

दोन आठवडे यादी भराभर वाढली. मला वाटलं, सर उगाच बाऊ करतात.

मग परीक्षा आल्या. आमच्यातला कॉमर्सचा एक मुलगा होता, वडील इच्छापोरला कंत्राटी कामावर, पोरगा अगदी गरीब गाय. त्याच्या फोनवर कुणीतरी फॉरवर्ड केलेला मेसेज आला, की सायन्सची प्रॅक्टिकल परीक्षा तीन दिवस पुढे गेली. त्याला वाटलं आपल्या मुलांना वेळेवर कळावं. म्हणून त्याने मंडळाच्या खात्यातून मेल केला. पण त्या खात्यातली मेलच्या पत्त्यांची यादी फक्त आमची नव्हती, सगळ्या मंडळांची होती. युनिव्हर्सिटीच्या पत्त्यावरून आलेला मेल म्हटल्यावर कुणी शंका घेतली नाही. सकाळी प्रयोगशाळा निम्म्याहून जास्त रिकामी. परीक्षा पुढे गेलेलीच नव्हती.

सरांनी मला बोलावलं तेव्हा मी चपलाही न काढता आत गेले, आणि ते काही बोलले नाहीत, त्यावरूनच मला कळलं की गोष्ट हाताबाहेर गेली आहे. मी जे सगळे म्हणतात तेच म्हणाले, की सर, खातं हॅक झालं असेल.

सरांनी विचारलं, ‘कोणाकोणाले सांगतलं?’

मी बोटांवर मोजायला लागले. दोन्ही हातांची बोटं संपली तशी मी रडायलाच लागले. सरांनी कॅलेंडरकडे तोंड केलं आणि माझं रडणं संपेपर्यंत तसेच उभे राहिले. तो कॉमर्सचा मुलगा आपण होऊन आला होता, बाहेर बाकावर बसला होता. त्याला त्यांनी आत घेऊन सांगितलं, तुह्यावर राग नाही, तू कोणीतरी सांगतलं त्यावर विश्वास ठेवला. चावी तुह्या हाती कशी आली एवढंच मले पायजे होतं, ते समजलं.

मला वाटलं होतं सर सांभाळून घेतील. आपला माणूस, आपल्या भाषेतला. ऑफिसातल्या साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. तिथे सर एवढंच म्हणाले असते की चौकशी चालू आहे, तर सुट्ट्या लागेपर्यंत सगळे विसरले असते. पण साहेबांनी विचारलं, पासवर्ड बाहेर कसा गेला, आणि सरांनी माझ्यासमोर, मोडक्या गुजरातीत, जसंच्या तसं सांगितलं. हिने दिला. मंडळाच्या सगळ्यांना दिला. त्या क्षणी मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. सुरतेत वाढलेल्या मुलीला शिव्या शोधाव्या लागत नाहीत.

साहेब चांगलेच भडकले होते. ते म्हणाले, हे मराठी मंडळाचं खातं कायमचं बंद करा, पान काढून टाका, झगडाच नको. मला शिक्षा होईल हे मी धरूनच चालले होते, यादी जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या मुलांना कोण काय दाखवणार होतं? एखादी जुनी कॉपी कुणाच्या तरी पेनड्राइव्हमध्ये असेलही, पण आमच्याकडे पेनड्राइव्ह महिनाभर टिकत नाहीत.

तेव्हा सरांनी पिशवीतून तो पुठ्ठा काढला. हो, पुठ्ठा. सुतळीसकट सोडवून आणला होता. साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि सहाव्या नियमावर बोट ठेवलं. चूक झाली तर जबाबदार जाईल, खोली जाणार नाही. त्याच दिवशी पाचच्या आत दुसरा जबाबदार सही करायला आला तर खोली चालू, नाही आला तर बंद. साहेबांनी विचारलं, हे नियम केले कुणी? सर म्हणाले, मी केले, खाली सही तुमची आहे. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात खरंच साहेबांची सही होती, कुठल्या तरी जुन्या वर्षाची. साहेबांनी ती जरा वेळ बघितली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, ठीक छे, पाँच वाग्या सुधी.

सव्वादोन वाजले होते. मी आधी मंडळाच्या अध्यक्षाकडे गेले. त्याच्या नोकरीच्या मुलाखती चालू होत्या, साहेबांच्या नजरेत नाव यायला नको म्हणाला. दुसरा म्हणाला, प्रॅक्टिकल चुकलेली पोरं बाहेर मारतील. तिसऱ्याने फोनच उचलला नाही. ज्यांना मी उदार होऊन पासवर्ड वाटला होता त्यातलं एकसुद्धा रजिस्टरमध्ये सही करायला तयार नव्हतं. त्यांना दोष देत नाही, मी तरी काय केलं असतं कुणास ठाऊक. चार वाजता मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसले होते, डोकं गुडघ्यात घालून.

पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. मी तिला फारशी ओळखत नव्हते, एवढंच माहीत होतं की वर्गात तिच्या अहिराणीला हसतात म्हणून ती तोंड उघडत नाही. तिने विचारलं, यादी जाणार का? मी म्हटलं, पाचला जाणार. ती उठली आणि चालायला लागली. मला वाटलं घरी चालली. ती सेंटरच्या दिशेने वळली तेव्हा मी मागे धावले.

आम्ही पोचलो तेव्हा सर रजिस्टर उघडून, पेनाचं टोपण काढून बसले होते. दुपारी जेवलेले दिसत नव्हते, डबा तसाच होता. ती मुलगी दाराशी चपला काढून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, ‘मनं नाव लिखी ल्या सर.’

त्यांनी लिहून घेतलं. मग माझी पाळी आली. मी जुना पासवर्ड शेवटचा टाइप केला, भावाचं नाव. तिने नवा टाइप केला आणि मी सरांच्या शेजारी, कॅलेंडरकडे तोंड करून उभी राहिले. मागे कळा वाजत होत्या, टक टक टक, भरपूर मोठा ठेवत होती. माझी खोली माझ्या पाठीमागे दुसऱ्याची होत होती आणि मला वळून बघता येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही एकदमच. झालं म्हणाली तेव्हा पाच वाजायला बारा मिनिटं कमी होती.

मला शिक्षा झाली ती अशी, की ज्या वर्गांची प्रॅक्टिकल चुकली त्या प्रत्येक वर्गात जाऊन माफी मागायची. परीक्षा पुन्हा घेतली त्यांची, पण माफी मागायची होतीच. पहिल्या वर्गाच्या दाराशी गेले तर तिथे सर उभे. मी त्यांच्याशी बोलत नव्हते तेव्हा. ते माझ्यामागून आत आले आणि माझं बोलून झाल्यावर म्हणाले, ‘खोल्या माह्या ताब्यात हायेत, म्हणून मी बी माफी मागतो.’ त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी चारही वर्गांत गेले आणि चारही वर्गांत ते आले. चौथ्या वर्गातून बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं की साहेबांसमोर तेव्हा गप्प का नाही बसलात? सर म्हणाले, ‘मी गप्प बसलो असतो, तर साहेबानं त्या पुठ्ठ्यावरचं काहून मानलं असतं?’ मी घरी जाऊन खूप रडले. आईने विचारलं, काबरं रडी राहिनी? काय सांगणार? म्हटलं, परीक्षा आहे.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. मी कतारगामला हिऱ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. तिथे लोक पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवतात आणि मी त्या फाडत फिरते. मला मागून काय नाव ठेवलंय ते मला माहीत आहे. सर रिटायर होऊन कामरेजला राहतात, दोन खोल्यांचं बैठं घर आहे. सेंटर आता पहिल्यासारखं उरलं नाही, सगळं मुलांच्या फोनमध्ये गेलं, पुठ्ठा कुठे गेला कुणालाच ठाऊक नाही. तिथे नवीन आलेल्या साहेबांना असे काही नियम होते हे माहीतसुद्धा नाही. पण आमच्या मंडळाची मुलं ते अजून पाळतात. एकाने दुसऱ्याला तोंडी सांगितलेले.

हे मला कसं कळलं, तर माझी भाची यंदा जबाबदार झाली. आमच्या भावाची मुलगी, मला फुई म्हणते. तिच्या फोनवर ती यादी बघताना मला ऊर्ध्वपातन या शब्दासमोर भलतंच काही लिहिलेलं दिसलं. म्हटलं, दे इकडे, मी नीट करते, पासवर्ड सांग. ती म्हणाली, फुई, तो नाही सांगता येणार, चूक काय आहे ते सांग, मी पुस्तकात बघून घालते. मी म्हटलं, अगं, या यादीत निम्मे शब्द मी घातलेत. ती म्हणाली, असतील, पण आता जबाबदार मी आहे. आणि माझ्यासमोर फोन उलटा करून ठेवला. मला इतका राग आला की मी चहा न घेता तिथून निघाले.

पुढच्या रविवारी कामरेजला गेले. सर ओसरीत लोचोची पुडी सोडून बसले होते. आता त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळी हकीकत मला मोठ्याने सांगावी लागली, शेजारच्यांनीही ऐकली असेल. भाची कशी बोलली, मी कशी उठून आले, सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, तिनं पुस्तकात पाह्यलं का?

‘पाहिलं,’ मी म्हटलं. ‘काल फोन आला होता तिचा. यादीत होतं तेच बरोबर होतं. माझं चुकलं होतं.’

सरांनी लोचोची पुडी माझ्याकडे सरकवली.

‘मग तू आज भांडाले आली, का सांगाले आली?’

‘सांगायला,’ मी म्हटलं.